अक्षराला अकरा युरो

झिटाऊत मी राहते ती खोली
पीचच्या दगडकामाच्या वर आहे.
सकाळी सातला छिन्नी सुरू होते,
दहाला थांबते, पावाला लोणी लागतं,
आणि खालून व्याकरण ऐकू येतं.

फोल्कमार पीच, वय चौसष्ट, गुडघे गेलेले,
थडग्यांवरची अक्षरं कोरतो. अक्षराला अकरा युरो.
हाताखाली तेस्फालेम, अस्मराकडचा.
त्याच्या भाषेत लिंगं दोनच.
तिसरं त्याला इथे मिळालं,
राहण्याच्या परवान्याबरोबर.

डेर श्टाइन, दगड: तो.
डी श्रिफ्ट, लिपी: ती.
डास ग्राब, थडगं: ते.
इथवर माझी भाषा आणि त्यांची
एका पावलानं चालतात.
हातोडासुद्धा तोच.
मग छिन्नी पुरुष निघते,
सूर्य बाई निघतो,
आणि मी जिन्यातच थबकते.

"डेम फाटर. वडिलांना.
डेर मुटर. आईला."
तेस्फालेम विचारतो, आईला डेर का?
तो तर बापाचा.
पीच चाकूनं सफरचंद सोलत म्हणतो,
ती आता काही करत नाही ना.
आता तिला नुसतं द्यायचं,
दगड, फुलं, रविवार.
ज्याला फक्त द्यायचं उरतं
त्याचं पुढचं अक्षर बदलतं.

डेर मेन्श, माणूस,
कर्ता आहे तोवर सुटसुटीत.
कर्तेपण गेलं की मागे शेपूट: मेन्शन.
(आमच्याकडे उलट. माणसाला म्हणताना
माणसातला ऊ गळतो.
कुठे भर पडते, कुठे झीज,
धक्का दोघांनाही बसतोच.)

मार्चमध्ये ओर्ट्रून हाश्क आल्या.
कागदावर दोन ओळी, निळ्या शाईत:
आमचं मेडशेन.
ती निजली आहे.
सहा आठवड्यांची होती.
तारखा इतक्या जवळ
की मधली रेघ कोरायलाही जागा कमी.

तेस्फालेमनं परीक्षा नुकतीच दिलेली.
शेन लागलं की नपुंसकलिंग,
मग पोरगी असो, पाखरू असो, घोटभर बिअर असो.
त्यानं पेन्सिलीनं, अगदी हलक्या हातानं,
ती खोडलं, ते केलं.
झी काढलं, एस लिहिलं.
नियम बरोबर होता.
मी वरून तो कागद पाहिला असता
तर मीही मान डोलावली असती.

गुरुवारी त्या आराखडा बघायला आल्या.
वाद घातला नाही.
अंगठा जिभेला लावला
आणि पेन्सिल पुसली. पुसत राहिल्या.
पांढऱ्या कागदावर राखाडी डाग राहिला,
छोटा, ढगासारखाही नाही,
डागासारखाच.

तेस्फालेमचे कान तापले.
काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाला,
"झीला तीन अक्षरं लागतात. एसला दोन.
अकरा युरो जास्त होतील."
पीचनं डोळे मिटून घेतले.

त्यांनी दहाची नोट काढली
आणि एक नाणं शोधू लागल्या,
पर्समध्ये, कोटात, दुसऱ्या कोटाच्या आठवणीत.
सापडलं. टेबलावर ठेवलं.
पीचनं पावती फाडली.
मला वाटलं होतं तो घेणार नाही.
त्यानं घेतले. मोजूनही घेतले.
बहुतेक त्याला कळलं होतं
की त्यांना ते अक्षर विकत हवं होतं.

दुसऱ्या दिवशी खाली छिन्नी चालली तेव्हा
मी वर तांदूळ निवडायचे सोडून
ठोके मोजत बसले. एस. ई.
मग बराच वेळ काही नाही.
मग ए.

संध्याकाळी तो अंगणात हात धूत होता.
धुळीनं भुवया म्हाताऱ्या झालेल्या.
"तुमच्याकडे असं असतं?"
असतं, म्हटलं. मूल ते. मुलगी ती.
"ते पुसून ती करायला किती पडतं?"
एक मात्रा काढायची, मी हवेत काढून दाखवली,
आणि एक वेलांटी द्यायची. अक्षर तेवढंच.
"म्हणजे फुकट."

दाराआडून पीचचा आवाज आला:
"वाकडी आहे का ती, वेलांटी?
मग फुकट कशी.
सरळ रेघ कुणीही मारतं."